तिवईचं वजन

परवा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना परीट दिसला. पाण्याच्या टाकीखाली नेहमी ओल असते, तिथे शेपूट वरखाली करत किडे वेचत होता. एवढासा पक्षी हिमालयापलीकडून येतो म्हणतात, आणि चामराजपेटेतल्या आमच्या गच्चीवर असा वावरतो की वाटावं, कालच इथून गेला होता. मी ओला टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिलो. आजवर पहिला परीट मला कधीच दिसला नव्हता. तो विजूला दिसायचा, कारण कपडे ती वाळत घालायची. जिन्यातूनच हाक यायची, "अहो, तुमचे पाहुणे आले!" की मी कॅमेऱ्याची लेन्स पुसायला घ्यायचो. ह्या वर्षी तो मला दिसला, आणि खाली सांगायला कोणी नव्हतं. विजू, माझी बायको, ह्याच वर्षी मार्चमध्ये गेली.

बंगळूरची थंडी ही काही मिरवण्यासारखी थंडी नाही. पहाटे जरा स्वेटर, नऊला तो कमरेला. पण नोव्हेंबर लागला की मार्केटच्या रस्त्यावर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग पडतात, त्यांचा तो तेलकट हिरवा वास पहाटेच्या धुक्यात मिसळतो, आणि शहराबाहेरच्या तळ्यांवर लांबलांबची बदकं उतरू लागतात. गेली तीन वर्षं माझं कॅलेंडर ह्याच खुणांवर चालतं. त्याआधी ते कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. चौतीस वर्षं मी एका यंत्रांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होतो. प्रत्येक भाग मोजायचा, वजन करायचं, आकडा बसला तर पास, नाहीतर परत. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल दिली आणि मी स्वतःहून एक जुना ताणकाटा, वस्तू लटकवून वजन करायचा, मागून घेतला. विजू म्हणाली, "लोक घड्याळ आणतात. आमच्या ह्यांनी काटा आणला."

विजू साताऱ्याची. लग्न होऊन इथे आली तेव्हा आमची मराठी ऐकून तिला हसू आवरेना. आमचं घराणं इथे किती पिढ्यांचं आहे ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. बोलता बोलता अक्का, अण्णा, स्वल्प, सरी हे शब्द आमच्या तोंडी परके वाटतच नाहीत. "स्वल्प म्हणे!" ती म्हणायची. "आमच्याकडे हा शब्द पोथीत असतो. तुम्ही त्यात साखर घालायला सांगता." पुढे तीच भाजीवाल्याकडे स्वल्प कोथिंबीर मागायला लागली, आणि मी चिडवलं तर कानावर हात ठेवायची.

निवृत्तीनंतर मी एक जुनी लेन्स घेतली. पक्ष्यांच्या फोटोंसाठी लागते तशी लांबलचक, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. कॅमेऱ्यासकट तीन किलो. असं धूड हातात धरून फोटो काढता येत नाही. दहा मिनिटांत दंड भरून येतात आणि बदकाच्या जागी करड्या रंगाचा ढग येतो. त्याला खाली आधार हवा. तो आधार शोधत मी किट्टण्णाच्या दुकानात जाऊन पोचलो.

किट्टण्णाचं दुकान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, मार्केटकडे उतरणाऱ्या गल्लीत. त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. आता तो जुने कॅमेरे, ट्रायपॉड दुरुस्त करतो आणि विकतो. आमच्यासारखाच इथला जुना मराठी, बोलणं अर्धं कानडी. त्याने मला पहिल्याच दिवशी शाळा घेतल्यासारखं शिकवलं. "अण्णा, डब्यावरचा आकडा वाचायचा नाही. डब्यावर काय, कोण पण काय पण लिहितो. तुमचं सामान तीन किलो, म्हणजे सहा झेपेल असा पाहिजे. पाय जाड बघायचे. मधला दांडा वर ओढायचा नाही, ओढला की मान हलली. आणि स्वस्त पाहिजे, मजबूत पाहिजे, हलका पण पाहिजे असं तिन्ही मागू नका. दोन मागा."

मी स्वस्त आणि मजबूत मागितला. त्याने मला एक जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड दिला, दंडाएवढे जाड पाय, रंग उडालेला. घरी आणून ताणकाट्याला लावला: तीन किलो चारशे ग्रॅम. विजूने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "आमच्याकडे ह्याला तिवई म्हणतात. ही मी घेईन." मी म्हटलं, जड आहे. "लेन्स तुमची, तिवई माझी. नाहीतर मी तिथे येऊन काय तुमच्या पाठीकडे बघत बसू?"

असं आमचं वाटप ठरलं आणि ते कधी मोडलं नाही. रविवारी पहाटे स्कूटर काढायची, कनकपुरा रस्त्याने शहर मागे टाकायचं, तळ्याच्या बांधाखाली गाडी लावायची. बांधावर चढायला बावीस दगडी पायऱ्या. पुढे मी, पाठीवर लेन्स; मागे विजू, एका खांद्यावर तिवई, दुसऱ्या खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत चहाचा थर्मास, दोन पेले, डबा, पाण्याची बाटली. तिवईच्या मधल्या दांड्याच्या तळाशी एक हुक असतो. वारा असला की त्याला वजन लटकवायचं म्हणजे पाय जमिनीत रुतून बसतात, असं किट्टण्णाने सांगितलं होतं. विजू तिथे तिची पिशवी अडकवायची. मग खाली सतरंजी टाकून बसायची आणि मला दिसायच्या आत तिला सगळं दिसायचं.

तिचे लाडके म्हणजे हळदीकुंकू बदक. चोचीच्या टोकाला पिवळा आणि कपाळाशी लाल ठिपका, म्हणून ते नाव. ते कुठून लांबून येत नाहीत, बारा महिने इथलेच. मी थंडीतल्या पाहुण्यांच्या मागे, थापट्या आला का, भुवई बदक किती आले. ती म्हणायची, "जे रोज असतं त्याचा एक तरी नीट फोटो काढा." मी म्हणायचो, ते काय कुठे पळून जातात? काढू कधीतरी. दोन मोसमांत मी हजारांनी फोटो काढले. हळदीकुंकवाचा तिला भिंतीवर लावावासा वाटेल असा एक नाही.

तिसऱ्या मोसमात, गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी, ती बांधावर पोचली आणि तिवई खाली ठेवत म्हणाली, "अहो, तिवई जड झालीय."

मला हसू आलं. ॲल्युमिनियम काय बाळसं धरतं? मी म्हटलं, "जड कशी होईल? तीच तर आहे." ती म्हणाली, "मला वाटलं खरं." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग मी जे केलं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहायचं तर तेच लिहायला हवं. घरी आल्यावर मी ताणकाटा काढला. खिडकीच्या गजाला अडकवला, त्याला तिवई लावली आणि विजूला स्वयंपाकघरातून बोलावलं. "ये, बघ. किती?" ती पदराला हात पुसत आली. चष्मा वर केला. "तीन चारशे." "दोन वर्षांपूर्वी किती होती?" "तीन चारशे." "मग?"

तिने चष्मा खाली घेतला. मग हसली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. काटा कशाला खोटं बोलेल." आणि पोळ्या करायला आत गेली. मी काटा जागेवर ठेवला. माझ्या लेखी तपासणी झाली होती, आकडा बसला होता.

चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकायला हवी होती. तोच भाग, तेच वजन, आणि तरी उचलणाऱ्याला जड वाटत असेल तर भाग बाजूला ठेवून उचलणाऱ्याकडे बघायचं. कारखान्यात मी हे बघितलंही असतं. तिथे कोणी कामगार असं म्हणाला असता तर मी त्याला खुर्ची दिली असती, डॉक्टरकडे धाडलं असतं. घरात मी काट्यावर विश्वास ठेवला.

मी अगदीच दगड होतो असंही नाही. तिला त्रास होतो हे मनात राहिलं होतं. पण त्रासाचं कारण मी तिवईत शोधलं. सोमवारी किट्टण्णाकडे गेलो. त्याने मोनोपॉड काढून दाखवला: एकच पाय, सहाशे ग्रॅम, तिवईच्या पाव किमतीत. "दोन पाय तुमचे, एक ह्याचा, झाला ट्रायपॉड," तो म्हणाला. "जड लेन्सला ह्याच्याएवढं स्वस्तात दुसरं काय पण नाही. फक्त सोडून बाजूला जाता येत नाही अण्णा. हात काढला की पडला."

रविवारी मी लेन्स मोनोपॉडला लावूनच खांद्यावर टाकली आणि निघालो. विजूकडे फक्त पिशवी. मला वाटलं, किती सुटसुटीत झालं! बांधावर ती सतरंजीवर बसली, पण दिवसभर बोलली नाही. परत येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्हीच जाऊन या. हात हलवत यायला मी काय फिरायला येते?" मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच तर आणला! "माझ्यासाठी आणला आणि माझंच काम काढून घेतलं," ती म्हणाली. मंगळवारी मी मोनोपॉड परत करून आलो. किट्टण्णा नुसता "सरी, ठीक आहे" म्हणाला.

मग हलक्या तिवईचा शोध सुरू झाला. कार्बनच्या असतात, हलक्या आणि मजबूत, पण त्या किमतीत आमची एक स्कूटर आली असती. तीन आठवड्यांनी किट्टण्णाचा फोन आला: कोणीतरी विकलेली एक तिवई, एका पायाची पकड तुटलेली, ती त्याने बदलून घातली होती. काट्यावर एक किलो सहाशे. निम्म्याहून कमी! विजूने ती एका हाताने उचलली. "झालं समाधान?" मी विचारलं. "झालं," ती म्हणाली.

पहिल्या रविवारी त्या तिवईने माझा पुरता घाम काढला. बांधावर वारा होता, हलके पाय, वर तीन किलो; नुसता श्वास सोडला तरी लेन्स डुलत होती. एकही फोटो धड आला नाही. मी चिडचिड केली, किट्टण्णाला नावं ठेवली, आणि घरी आल्यावर म्हणालो, "जुनीच बरी होती." विजू अवरेकाई सोलत बसली होती. 

पुढच्या रविवारी मात्र चमत्कार झाला. वारा तेवढाच, आणि तिवई जमिनीत पुरल्यासारखी उभी. मी खूश. विजूला म्हटलं, "बघितलंस? पायांना बसायला वेळ लागतो. नवीन यंत्राचं असंच असतं." आणि सगळं यंत्रशास्त्र तिला समजावून सांगितलं. ती ऐकत होती. तिने पिशवी स्वतः हुकाला अडकवली होती, मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे, सांबार आहे, सांडवाल." मी त्या आठवड्यात किट्टण्णाकडे मुद्दाम जाऊन तिवईची तारीफ केली. "सोळाशे ग्रॅममध्ये इतकी स्थिर मी बघितली नाही," मी म्हटलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मी पण बघितली नाही अण्णा."

त्या मोसमातल्या आणखी दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे चहा. विजूचा चहा म्हणजे आलं खलबत्त्यात ठेचून घातलेला. घशाला जाऊन भिडायचा. त्या डिसेंबरपासून ती आलं किसून घालायला लागली. मी कुरकुर केली, चहा मिळमिळीत होतोय म्हटलं. "वय झालं तुमचं, ठेचलेलं सोसत नाही," म्हणून तिने विषय उडवून लावला.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. चढताना मध्येच ती थांबायला लागली. "थांबा, थांबा! तो बघा खंड्या." मी वळायचो. "कुठे?" "तो काय, तिकडे... उडाला." मी तिच्या शेजारी उभा राहून शोधत राहायचो, दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग ती म्हणायची, "जाऊ दे, चला." दर रविवारी तो खंड्या तिथेच असायचा आणि दर रविवारी मी बघेपर्यंत उडालेला असायचा. मी एकदा म्हटलंही, ह्या खंड्याचं आणि माझं काही वैर आहे. ती एवढी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती देवासमोर बसल्या बसल्या कलंडली. हॉस्पिटलमध्ये चार दिवस. हृदयाचे स्नायू थकले आहेत, आजचं नाही, वर्षभर तरी हे चालू असणार, डॉक्टर म्हणाले. तरुण मुलगी होती ती डॉक्टर, शांतपणे विचारत होती: "चालताना दम लागायचा? जिने चढताना? काही म्हणाल्या होत्या का त्या?" केतकी, आमची मुलगी, व्हाइटफील्डहून धावत आली होती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "तिवई जड झालीय म्हणायची." डॉक्टरला काही कळलं नाही. तिने ते लिहून घेतलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे विजू गेली.

त्यानंतर मी लेन्सला हात लावला नव्हता. परीट दिसला त्या दिवशी संध्याकाळी केतकी आली. चहा करताना तिने विचारलं, "बाबा, खलबत्ता कुठे आहे? आलं ठेचायचंय." मी म्हटलं, मार्चपासून मला तो सापडलेला नाही, मी वाटीने ठेचतो. तिने ओट्याखाली शोधलं, फळीवर शोधलं. शेवटी दारामागच्या खुंटीवरची कापडी पिशवी खाली उतरवायला गेली आणि पिशवी तिच्या हातातून निसटून फरशीवर आपटली. लोखंडाचा आवाज झाला.

आत थर्मास होता. दोन पेले होते. आणि तळाशी, वाजू नये म्हणून माझ्या जुन्या बनियनमध्ये नीट गुंडाळून वर दोरा बांधलेला, आमचा लोखंडी खलबत्ता.

केतकी म्हणाली, "हा इथे कसा आला?" मी सवयीने उठलो, ताणकाटा काढला, गजाला अडकवला. खल आणि बत्ता मिळून दोन किलो शंभर. तिवई एक सहाशे. दोन्ही मिळून तीन किलो सातशे. जुन्या तिवईपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. मी तिचं ओझं कमी केलं म्हणून मिरवत होतो, आणि ती माझा फोटो हलू नये म्हणून ते तेवढं, वर आणखी थोडं, खांद्याला लावून बावीस पायऱ्या चढत होती. घरातल्या प्रत्येक वस्तूचं वजन मी कधी ना कधी केलं आहे. तिची पिशवी तेवढी राहिली.

डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणतील, पिशवीने काही फरक पडला नसता. केतकीही तेच म्हणाली, मला धरून, रडत रडत. नसेल पडला. पण तिने दोनदा सांगितलं होतं, सरळ, साध्या मराठीत. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही, कारण मी आकडा दाखवला होता. हे मला आता कोणत्या काट्यावर लावून बघता येणार आहे?

काल किट्टण्णाकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातला स्क्रू डबीत टाकला. मग मोनोपॉड काढून समोर ठेवला. "एकट्याला हाच बरा, अण्णा," म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. मी म्हटलं, बरोबर बोललास. पण तो घेतला नाही.

आज रविवार. पहाटे मी एकटा तळ्यावर गेलो. पाठीवर लेन्स, एका खांद्यावर तिवई, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, पिशवीत थर्मास, दोन पेले, आणि बनियनात गुंडाळलेला खलबत्ता, तसाच, तिची गाठ न सोडता. ठरवून आलो होतो की हळदीकुंकू बदकाचा एक नीट फोटो काढायचा. पायऱ्या चढायला लागलो. अकराव्या पायरीवर मला दम लागला. पिशवीचा बंद खांद्यात रुतत होता. मी कठड्याला धरून उभा राहिलो, आणि तेव्हा लक्षात आलं की ही तीच पायरी, खंड्याची. मी तिकडे बघितलं. तिथून तळं दिसतच नाही. समोर बांधाची भिंत आणि घाणेरीची झुडपं. पाणी दिसायला अजून सहा पायऱ्या चढाव्या लागतात.

मी तिथेच बसलो. खालून एक गृहस्थ फिरायला आले होते, कानटोपी घातलेले, मला अनोळखी. माझ्यापाशी थांबले, माझ्या खांद्यांकडे बघितलं आणि कानडीत म्हणाले, "जड आहे का सार? स्वल्प मी धरू?"

एवढंच. एवढंच विचारायचं होतं.

"हो," मी म्हणालो, आणि मग मराठीत, त्यांना कळो न कळो, "जड आहे. फार जड आहे गं."